खाणावळीतला ण

महाळुंगे पडवळ हे नाव नवख्या माणसाला भाजीमंडईतले वाटते. म्हाळुंग हे लिंबाच्या कुळातले जाड सालीचे मोठे फळ. संस्कृतात त्याला मातुलुंग म्हणतात, आणि कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे ते हेच. पडवळाची ओळख कुणाला करून द्यायला नको. प्रत्यक्षात इथला पडवळ वेलीवरचा नाही, आडनावातला आहे. पुणे जिल्ह्यात महाळुंगे एकच नाही. बालेवाडीला लागून एक आहे, चाकणपाशी महाळुंगे इंगळे आहे. म्हणून ओळखीसाठी मागे आडनाव लागले. पहिला शब्द मात्र झाडावरून आला असावा असे मला वाटते, कारण आंबेगाव तालुक्याचा नकाशा उघडला की जिकडेतिकडे झाडेच दिसतात: पिंपळगाव, वडगाव, जांभोरी, निरगुडसर आणि खुद्द आंबेगाव. त्यातले मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. तालुक्याला नाव राहिले, कचेऱ्या घोडेगावला.

असे खाण्यापिण्याचे नाव मिरवणाऱ्या गावातून माणसे पोटासाठी मुंबईला जात राहिली. त्यांतले सर्वांना ठाऊक असलेले नाव बाबू गेनू सैद यांचे. जन्म १९०८ चा, इथलाच. मुंबईत गिरणी कामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाची मोटार अडवताना ती त्यांच्या अंगावरून गेली. डिंभ्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असेच नाव आहे. हुतात्म्याबद्दल लिहावे तेवढे थोडे. पण शब्दांच्या मागे लागलेला माणूस या हकिकतीत एका साध्या विशेषणापाशी थांबतो. परदेशी.

त्या दिवशीच्या मोटारीतला परदेश म्हणजे मँचेस्टर. पण मराठीत परदेश नेहमीच इतका लांब नसतो. पुण्या-नगरकडे परदेशी हे आडनाव आहे. उत्तरेकडून येऊन इथे स्थायिक झालेल्या घराण्यांना ते चिकटले. पिढ्यान्‌पिढ्या इथे गेल्या, घरात मराठी बोलतात, गणपती बसवतात, तरी दारावरची पाटी परदेशीच. ‘विलायत’ची गोष्ट तर उलटी. अरबीत विलायत म्हणजे प्रांत, अंमलाखालचा मुलूख. हिंदुस्थानात तो शब्द सरकत सरकत इंग्लंडचा झाला, आणि इंग्रज सोल्जरांनी ‘विलायती’चे ‘ब्लायटी’ करून तो स्वतःच्या घराचे लाडके नाव म्हणून परत नेला. मेक्सिकोकडून आलेले झाड आपल्याकडे विलायती चिंच म्हणून बांधावर उभे आहे, ते वेगळेच.

आता नुसता ‘देश’ घ्या. मराठी माणसाच्या तोंडी हा शब्द राष्ट्राच्या आधी भूगोलाचा आहे. सह्याद्रीच्या माथ्याच्या पूर्वेला देश, पश्चिमेला उतरले की कोकण. देशस्थ आणि कोकणस्थ ही नावे त्यावरूनच पडली. कोकणातला माणूस घाट चढला की ‘देशावर’ येतो. या हिशेबाने आंबेगावचा माणूस मुंबईला निघाला, मग तो माळशेजने उतरो की पुण्याहून आगगाडीने बोरघाट उतरो, की तो अक्षरशः देश सोडतो. खाली उतरल्यावर तिथले लोक त्याला ‘घाटी’ म्हणत, घाटावरून आलेला. त्या शब्दात तुच्छता होती आणि अजून आहे. तोच माणूस यात्रेला गावी आला की गावकरी त्याला ‘मुंबईकर’ म्हणत. तिथे तो इथला आणि इथे तो तिथला.

मुंबईच्या या परदेशात भाषा परकी नव्हती. देव तेच होते, सणही तेच. परके होते जेवण. म्हणजे पदार्थ नव्हे, त्यामागची व्यवस्था. रांधणार कोण आणि पैसे कोण देणार, हा प्रश्न गावात कुणी विचारत नाही. मुंबईत एकट्याने राहणाऱ्या गड्यापुढे तो दिवसातून दोनदा उभा राहायचा. त्याचे उत्तर मराठीने एका शब्दात दिले: खाणावळ.

या शब्दाची फोड अगदी उघडी आहे, म्हणूनच तिच्याकडे लक्ष जात नसावे. शिंप्याला देतो ती शिवणावळ. सोनार दागिन्याच्या वजनावर लावतो ती घडणावळ, आणि तिच्यावरून वाद घातला नाही असे घर विरळा. पिठाच्या गिरणीत मोजायची ती दळणावळ, दळणवळण वेगळे. कारकुनाची लिहिणावळ, परटाची धुणावळ. या सगळ्यांत ‘णावळ’ म्हणजे त्या कामाचे मोल. तेव्हा खाणावळ म्हणजे खाण्याचे मोल. मुळात जागा नव्हे, दर. शिंप्याच्या दुकानाला आपण शिवणावळ म्हणत नाही, सोनाराच्या पेढीला घडणावळ म्हणत नाही. एकट्या खाण्याच्या बाबतीत दराचे नाव घराला मिळाले. आजही ‘दोन महिन्यांची खाणावळ थकली’ असे कुणी म्हणाले तर आपल्याला कळते, म्हणजे जुना अर्थ पुरता मेलेला नाही.

जेवणावळ मात्र दिसायला जुळी असूनही या कुटुंबातली नाही. जेवणावळीत पैसे मागितले तर भांडण होईल. तिच्यातली ‘आवळ’ मला वंशावळीतली वाटते. संस्कृत आवलि म्हणजे ओळ; वंशांची ओळ ती वंशावळ, दिव्यांची ओळ ती दीपावली आणि तिचीच दिवाळी. जेवणारांची ओळ ती जेवणावळ. पंगत हा शब्द तरी काय, पङ्क्ति म्हणजे ओळच. तेव्हा एकात माणसांची रांग आहे आणि दुसऱ्यात नाण्यांची. खाणे आणि जेवणे यांतला फरकही इथे कामाला आला. जेवणे हे जुने, भारदस्त क्रियापद, संस्कृत जेमनापासूनचे. पाहुण्याला आपण ‘जेवायला बसा’ म्हणतो. खाणे कुणीही, काहीही, कुठेही खातो; शिव्या खातो, मार खातो, पैसेही खातो. मोलाच्या शब्दाला भाषेने खाणे जोडले आणि मानाच्या शब्दाला जेवणे. हे कुणी ठरवून केले नसेल, पण बसले बरोबर.

पाट्यांवर हल्ली ‘खानावळ’ दिसते, न घालून. तो न कुठून आला हे ओळखायला अवघड नाही. एक खाना हिंदीतला, खाण्याचा. दुसरा खाना फारसीतला, म्हणजे घर: दवाखाना, कारखाना, छापखाना, तोफखाना. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण मराठी कानाला खाण्याची जागा म्हटल्यावर दोन्ही एकदम ऐकू येतात आणि ण चा न होतो. वर्तमानपत्रे दोन्ही छापतात. मी ण च्या बाजूचा आहे. न घातला की शब्द घराकडे झुकतो, आणि ‘खाण्याचे मोल’ हा त्याचा कणाच दिसेनासा होतो.

गिरणगावातल्या खाणावळी म्हणजे रस्त्यावरची हॉटेले नव्हती. लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या चाळींत एखादी बाई आपल्याच खोलीत पाच-पंचवीस गड्यांचे रांधायची. गडी बहुधा एकाच गावचे किंवा एकाच मुलखातले. बायकापोरे गावाला, इथे एका खोलीत अनेकजण. एकाची रातपाळी असली की त्याची जागा दुसऱ्याच्या वळकटीला. गिरणीच्या पाळीप्रमाणे पंगती बसायच्या. भाकरी किंवा चपाती, भाजी, आमटी, भात, रविवारी वशाट. आंबेगाव-जुन्नरकडे सामिष जेवणाला वशाट म्हणतात आणि रश्शाला कालवण. मुंबईत कालवणाचा रस्सा झाला. पगाराच्या दिवशी बाईचा हिशेब. पगार हा शब्द पोर्तुगिजांचा आणि त्यांच्याकडे त्याचा अर्थ ‘पैसे देणे’ एवढाच. मराठीत तो पैसे घेणाऱ्याचा झाला. पण गड्याच्या हातात आलेला पगार त्याच संध्याकाळी खाणावळीत ‘देण्याचा’ होई, म्हणजे पोर्तुगीज अर्थ काही फार लांब गेला नव्हता.

इथल्या दोन शब्दांवर जरा रेंगाळावेसे वाटते. पहिला लावणे. मराठीत माणूस खाणावळीत नुसता जात नाही, खाणावळ ‘लावतो’. दूध लावतो, पेपर लावतो, शिकवणी लावतो, डबा लावतो. महिन्याच्या बोलीने बांधून घेतलेली कुठलीही सेवा या एका क्रियापदात बसते. नुसत्या भाकरीला चटणी लागते तेव्हाही आपण ‘तोंडी लावायला काय?’ असेच विचारतो. दुसरा शब्द खाडा. गिरणीत एक दिवस कामावर गेले नाही तर तो खाडा, आणि त्या दिवसाची मजुरी कापली. खाणावळीत एक दिवस जेवायला गेले नाही तर तोही खाडाच, पण इथे तो गिऱ्हाइकाच्या फायद्याचा. गावी यात्रेला आठ दिवस गेलेल्या गड्याचे गिरणीत आठ खाडे पडत आणि खाणावळीत आठ खाडे वाचत. पुण्यातली पोरे मेसच्या वहीत आजही खाडे मांडतात. त्यांतल्या बहुतेकांना हा शब्द गिरणीच्या भोंग्याच्या काळातला आहे याची कल्पना नसते.

खाणावळ चालवणाऱ्या बाईच्या बाजूने हा धंदा भलताच बेभरवशाचा होता. धान्य आधी भरायचे, पैसे महिन्याने. गिरणीत संप झाला की गिऱ्हाइकाकडे पैसा नाही, आणि रोज पानावर बसणाऱ्याला उठ म्हणवत नाही. मग वाण्याची उधारी, सावकाराचे व्याज. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते या बायकांना एकत्र करून, त्यांना बँकेची कर्जे मिळवून देण्यासाठी. पुढे १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. गिरण्या पुन्हा पहिल्यासारख्या चालल्याच नाहीत आणि खाणावळीचे गिऱ्हाईक गावी परतले. संपाच्या इतिहासात कामगाराबद्दल पुष्कळ लिहिले गेले. त्याच्या थकलेल्या खाणावळीचे पुढे काय झाले, हे कमी लिहिले गेले.

ज्याची बायको मुंबईत होती त्याचा मार्ग वेगळा: डबा. हे डबे वाहणारे लोक पुन्हा इकडचेच. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ, मुळशी. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये हे काम सुरू केले असे डबेवाले सांगतात. डबा या शब्दाचाही अर्थ खाणावळीसारखाच सरकला. भांड्याचे नाव जेवणाला मिळाले. ‘डबा खाल्ला का?’ यात कुणी पत्रा खात नाही. २००५ मध्ये इंग्लंडच्या राजपुत्राच्या लग्नाचे आमंत्रण आले आणि डबेवाल्यांचे दोन प्रतिनिधी लंडनला गेले. दुसऱ्यांच्या घरचे जेवण पोचवणारी माणसे विलायतेत पाहुणी म्हणून जेवली, तेव्हा तिथला मान जेवणावळीचा होता, खाणावळीचा नव्हता.

आता जरा मागे जाऊ, बरेच मागे. परमुलखातला माणूस आणि त्याचे जेवण यांची गाठ या भागात मुंबईच्या कितीतरी आधी पडलेली आहे, आणि तीही उलट्या दिशेने. कल्याणच्या बंदरातून नाणेघाट चढून माल जुन्नरला यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. त्या वाटेने माणसेही आली. शिवनेरीच्या डोंगरातल्या बौद्ध लेण्यांत एक छोटा ब्राह्मी लेख आहे. त्यात चिट नावाच्या यवनाने संघाला ‘भोजनमटप’ दान दिल्याची नोंद आहे. मटप म्हणजे मंडप. भिक्खूंनी एकत्र बसून जेवायची जागा एका परदेशी माणसाने आपल्या खर्चाने खोदवून दिली. याच डोंगरात इरिल नावाच्या दुसऱ्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिल्याचा लेखही आहे. यवन म्हणजे मुळात आयोनियाचा, ग्रीक. पुढे मराठीत हा शब्द मुसलमानांसाठी वापरला गेला आणि त्याचा ग्रीक चेहरा पुसला गेला. अठराशे वर्षांपूर्वी जुन्नरच्या बाजारात हे लोक दीर्घकाळ राहत असणार. दोन दिवसांचा वाटसरू लेणे खोदवत बसत नाही. आपल्या जेवणाची सोय त्यांनी कशी केली याचा लेख कुणी कोरला नाही. दुसऱ्यांच्या जेवणाची केली ती मात्र दगडात आहे.

भोजनमटपात पैसे देणारा आणि जेवणारा वेगळा. जुन्या व्यवस्था पुष्कळशा अशाच. अन्नछत्र घ्या. मूळ शब्द अन्नसत्र. सत्र म्हणजे दीर्घ चालणारा यज्ञ. आजच्या शाळा-कॉलेजांच्या सत्राचे मूळही हेच. लोकांच्या तोंडी सत्राचे छत्र झाले आणि आता देवस्थानाच्या अन्नछत्राच्या पाटीवर खुशाल छत्री काढतात. माधुकरीत मधुकर आहे, म्हणजे भुंगा. एका फुलावर भार न टाकता घरोघरी थोडे थोडे घ्यायचे. पुण्यात शिकायला आलेला गरीब ब्राह्मण विद्यार्थी माधुकरी मागे किंवा ‘वार लावून’ जेवे: सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. पाहा, इथेही लावणेच आहे, फक्त पैशाच्या जागी वार. शिकण्यासाठी घर सोडलेल्याची ही खाणावळ होती, बिनमोलाची. पण ती ठरावीक जातीच्या मुलाला ठरावीक घरांतच उघडी होती. बाकीच्यांसाठी दार उघडायला शाहू महाराजांना कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजाची वसतिगृहे काढावी लागली. लोक त्यांना ‘बोर्डिंग’ म्हणत. इंग्रजीतला बोर्ड म्हणजे फळी, फळीचे टेबल, टेबलावरचे जेवण आणि शेवटी जेवणाचा आकार. तिकडे फळीपासून निघून शब्द पैशापर्यंत गेला. आपण पैशापासून निघून घरापर्यंत आलो.

फ्रेंचांनीही असेच काही केले आहे. रेस्टॉरंट हा आधी पदार्थ होता, थकल्याभागल्याला तरतरी आणणारा मांसाचा कढ. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये तो विकणाऱ्या दुकानांना तेच नाव पडले. मेस हा जुन्या फ्रेंचमधला, अर्थ ‘वाढून पाठवलेला वाटा’. लष्करातून आपल्याकडे आला आणि पुण्याच्या कर्वे रोडच्या गल्ल्यांत रमला. हॉटेलच्या मुळाशी लॅटिन होस्पेस आहे, यजमान आणि पाहुणा दोन्ही. हॉस्पिटल त्याची सख्खी बहीण. मराठीने हॉटेलातली राहण्याची खोली काढून टाकली आणि चहा-भजी ठेवली. राहायचे असेल तर लॉज शोधावा लागतो. साहेबाला हे कळत नाही, आपल्याला त्याचे नवल वाटत नाही.

या सगळ्यांत गमतीचा आहे तो आपलाच संस्कृत शब्द. उपाहार म्हणजे हलके खाणे, फराळ. उपहार म्हणजे भेट, नजराणा. एका कान्याचा फरक. महाराष्ट्रातल्या एसटी स्टँडांपासून हमरस्त्यापर्यंत कित्येक पाट्यांवर ‘उपहारगृह’ लिहिलेले असते, म्हणजे भेट म्हणून सगळे फुकट मिळण्याचे ठिकाण. आत गेल्यावर बिल येतेच. खाणावळ निदान आपल्या नावातच बिल सांगते. याच जातीचा अलीकडचा शब्द पेइंग गेस्ट, पैसे देणारा पाहुणा. पाहुणा पैसे देत असेल तर तो पाहुणा कसला, असे आजीने विचारले असते. पुण्यात लाखभर पोरे या विरोधाभासात सुखाने राहतात आणि त्याला ‘पीजी’ म्हणतात.

महाळुंग्याहून मंचरला आले की पुणे-नाशिक रस्ता लागतो. या रस्त्यावरच्या पाट्या वाचण्यासारख्या आहेत. ‘खास मासवडी’. मासवडी ही आंबेगाव-जुन्नरची मानाची वडी; बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरे, लसूण यांचे सारण भरून, वळून, कापून, झणझणीत कालवणाबरोबर. नावात मास, आत मासाही नाही आणि मांसही नाही. लग्नकार्यात करायची ही वडी आता ढाब्यावर ताटाने मिळते. दुसरी पाटी ‘फॅमिलीसाठी स्वतंत्र सोय’. मराठीत फॅमिली म्हणजे कुटुंब, आणि कुटुंब म्हणजे जुन्या वळणाने बायको. अर्थ एवढाच की बाईमाणसाला इथे निर्धास्त बसता येईल. तिसरी पाटी मला सर्वांत आवडते: ‘घरगुती खाणावळ’. एका शब्दात घर, दुसऱ्यात मोल. दोघांची भेट होऊ नये असेच आपले सगळे संस्कार, पण पाटी रंगवणाऱ्याला त्यात काही अडचण वाटलेली नाही. तीच पाटी फ्रँकफर्टमध्ये किंवा न्यू जर्सीत मराठी मंडळाच्या मजकुरात ‘घरगुती डबा मिळेल’ होऊन भेटते.

खऱ्या, समुद्रापलीकडच्या परदेशात जाणाऱ्याला आधी एका शब्दाची भीती असे: परान्न. परदेश, परगाव, परका, आणि त्याच पंगतीतला परान्न, दुसऱ्याच्या हातचे अन्न. ते वर्ज्य करण्याचे अनेकांचे व्रत असे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या त्या शाकाहार आणि लुगडे न सोडण्याचे ठरवून. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंनी त्यांना घरात घेतले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या, पण त्याआधीच त्यांनी भाषेतली एक युक्ती वापरली होती. ज्याचे अन्न खायचे त्याला नात्यात ओढले की ते अन्न ‘पर’ राहत नाही.

ही युक्ती एकट्या आनंदीबाईंची नाही. गिरणगावातली खाणावळवाली मावशी असे किंवा आक्का. सदाशिव पेठेतल्या मेसमध्ये काकू असतात आणि त्यांचे खरे नाव चार वर्षे जेवलेल्या पोरालाही सांगता येत नाही. पैसे महिन्याच्या महिन्याला मोजून द्यायचे आणि देताना ‘काकू’ म्हणायचे, यात कुणाला दांभिकपणा दिसेल. मला तो दिसत नाही. व्यवहार शब्दात उघडा ठेवला आहे, खाणावळ म्हणून. त्यावरचे नाते वेगळ्या शब्दात आहे. दोन्ही एकाच शब्दात कोंबले की उपहारगृह होते.

लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. तेव्हापासून आजपर्यंत परदेशातल्या मराठी माणसाच्या जेवणाच्या शब्दांत एक फरक ठळक पडला: तिथे तो ‘देसी’ झाला. मंचरच्या बाजारात देशी म्हटले की देशी गाय, देशी केळी, नाहीतर दारूच्या दुकानाची पाटी. ‘देसी’ म्हटले की न्यू जर्सी. श चा स होताना सह्याद्रीचा माथा, घाट, कोकण सगळे त्यातून गळाले आणि उरला तो पासपोर्टावरचा देश. आंबेगावचा मुलगा आता मुंबईला गेला तर परदेशी जातो असे कुणी म्हणणार नाही. जर्मनीला गेला तर म्हणतील, आणि आठवड्याने फोनवर आई पहिला प्रश्न विचारेल तो जेवणाचाच. विचारताना मात्र ती ‘खातोस काय?’ म्हणत नाही, ‘जेवलास का?’ म्हणते.

आंबेगाव-जुन्नरच्या गावागावांत गिरणीतून परतलेले म्हातारे अजून आहेत. खाणावळीतले शब्द त्यांच्याकडे शब्दकोशांपेक्षा जास्त सापडतील. घरात कुणी असे असतील तर खाडे, पाळ्या, पंगती, उधारीचे बोल त्यांना विचारून लिहून ठेवा. आणि आपले स्वतःचे हॉटेल काढून पाटी रंगवायला टाकली असेल, तर पेंटरला एवढे सांगा: खानावळीतला न खोडून ण काढ, आणि उपहारगृहाच्या प ला काना दे.